आखाडात एका गाडीत

मागच्या सीटच्या मधोमध चादर बांधलेली पाहून रचना दारातल्या पायरीवरच थांबली.

चादर ओळखीची होती. निळ्या फुलांची, सासरी, सांबऱ्याच्या घरी पाहुण्यारावळ्यांना अंथरायला काढतात ती. पुढच्या दोन सीटांच्या फटीतून मागच्या काचेपर्यंत दोरी ताणली होती आणि तिच्यावर चादर टाकून कपड्यांचे चिमटे लावले होते. ड्रायव्हरशेजारच्या सीटवर जोतिबाआप्पा टोपी सावरून बसले होते. चादरीपलीकडे कोणीतरी पिशवीची चेन ओढली.

सूरज छत्री घेऊन उतरला. पाऊस फार नव्हता, पण बायकोजवळ यायला काहीतरी निमित्त हवे होते.

"आपण दोघंच जाणार होतो," रचना हळूच म्हणाली.

"व्हय की. पण काल जेवताना आई म्हणाली, मलाबी समुद्र बघायचाय. आई निघाली म्हटल्यावर आप्पा निघाले. आप्पा निघाले म्हटल्यावर ही चादर निघाली. आता मी काय करणार?"

सूरज काय करणार, हा प्रश्न लग्न झाल्यापासून रचनालाही पडलेला होता.

लग्नानंतरचा पहिला आखाड. या महिन्यात सासूने आणि नव्या सुनेने एकमेकींचे तोंड बघायचे नाही, एका उंबऱ्याच्या आत राहायचे नाही, म्हणून सून माहेरी निपाणीला. हा रिवाज कोणी लिहून ठेवलेला नाही आणि सांबऱ्यात कोणी मोडतही नाही. का, म्हणून विचारले तर एक म्हणतो सासूला वाईट, दुसरा म्हणतो सुनेला, आणि तिसरा म्हणतो गप बस. जोतिबाआप्पा तिसऱ्यातले. सासूबाईंचे, म्हणजे अक्काताईंचे धाकटे दीर, पण थोरला भाऊ गेल्यापासून घराचे कारभारी, आणि रिवाजाच्या बाबतीत अख्ख्या गावाचे. कोणाच्या घरी काही उलटसुलट झाले की निवाड्याला आप्पांनाच बोलावणे जायचे.

आणि अक्काताई? त्यांनी कधी कशाचा हट्ट धरल्याचे घरात कोणाला आठवत नव्हते. लुगड्याचा रंगसुद्धा दुकानदार सांगेल तो. अशा बाईला एकाएकी, ऐन आखाडात, सुनेबरोबर एका गाडीत बसून वेंगुर्ल्याचा समुद्र बघायचा होता. रचनाला खरे तर धास्ती वाटायला हवी होती. वाटले ते कुतूहलच. तिने आईच्या हातून भाकरीचा डबा घेतला, ओढणी कपाळावरून पुढे ओढली आणि चादरीच्या आपल्या बाजूला शिरली.

"बसलीस?" चादर म्हणाली.

"व्हय, आत्या."

"बूड टेकून बस. लांब जायचंय."

गाडी निघाली. या प्रवासाचे कारण समुद्र नव्हते, हे फक्त रचनाला आणि सूरजला ठाऊक होते. रचना जनावरांची डॉक्टर. निपाणीजवळच्या एका खेड्यात सरकारी दवाखान्यात तिची नेमणूक होती. लग्न ठरताना सगळे म्हणाले होते, बेळगावला ट्रान्स्फर होईल, त्यात काय. ट्रान्स्फर काही झाली नाही. मग सांबऱ्याहून बसगाड्या बदलत ती रोज जायची, आणि संध्याकाळी परत निघाली की हमखास कुठल्यातरी गोठ्यातून फोन यायचा. जनावरे काही ऑफिसच्या वेळेत अडत नाहीत. बसच्या खिडकीत बसून ती नुसती कासावीस व्हायची. तिला दवाखान्याशेजारच्या क्वार्टरमध्ये राहायचे होते, ट्रान्स्फर होईपर्यंत तरी. आप्पांचा निकाल वेगळा होता. आखाड संपला की सुनेने घरी यायचे आणि राजीनामा द्यायचा. सूरज दोघांनाही 'बघू' म्हणाला होता.

आखाड संपत आला होता. वेंगुर्ल्याला जाऊन, नवऱ्याला वाळूवर बसवून, त्या 'बघू'चा एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा असे तिने ठरवले होते. आता वाळूवर चौघे बसणार होते.

उत्तूर मागे पडेपर्यंत आप्पा माशांवर बोलत होते. आखाड संपला की श्रावण, मग महिनाभर ताटात नुसती भाजी. म्हणून आज पोटभर सुरमई खायची. रस्त्याच्या दोन्ही अंगांना भाताची रोपे लावणाऱ्या बायका प्लास्टिकच्या खोळी पांघरून वाकल्या होत्या. पावसाची सर येई, काच पांढरी होई, सूरज वेग कमी करी, आणि आप्पा सुरमईवरून बांगड्यावर येत.

"तशी ही चादर लई कामाची," मधेच ते म्हणाले. "मारुतीरावाच्या घरात काय झालं? गेल्या आखाडात सून मोबाईलचा चार्जर न्यायला म्हणून आली. सासू दारात. दोघींची तोंडं समोरासमोर. मला बोलावणं आलं. म्हटलं, आता पुढच्या आखाडापतोर दोघींनी एका उंबऱ्याच्या आत पाय ठेवायचा न्हाय. येगळं घर, येगळी चूल. वरीस झालं. पाळतात का न्हाय?"

"पाळतात की," सूरज म्हणाला. "सून लई खूश हाय."

आप्पांनी त्याच्याकडे वळून बघितले. सूरजला रस्त्यात फार खड्डे दिसू लागले.

थोड्या वेळाने चादर पुन्हा बोलली. "रचना, एक इचारू?"

"विचारा की, आत्या."

"दवाखान्यात तू बसतीस कुठं?"

असल्या प्रश्नाची रचनाला सवय नव्हती. "टेबल आहे एक. खिडकीजवळ. खिडकीतनं चिंचेचं झाड दिसतं. त्याखाली जनावरं बांधतात."

"पंखा हाय?"

"आहे. करंट असला की फिरतो."

"आणि जेवतीस कुणासंगं?"

"नागेंद्र म्हणून मदतनीस आहेत, त्यांच्यासंगं. ते त्यांची भाकरी आणतात, मी माझी."

"नागेंद्र म्हंजे कानडी. मग बोलतासा कशात?"

"अर्धं कानडीत, अर्धं मराठीत. जनावरांना दोन्ही कळतं."

पलीकडून फसकन आवाज आला. सासू हसली की शिंकली, हे चादरीमुळे नक्की कळेना. रचना चांगलीच चक्रावली. तिच्या राजीनाम्यावर घरात एवढे बोलणे झाले, पण ती दवाखान्यात कुठे बसते आणि कोणाबरोबर जेवते हे आजवर कोणीच विचारले नव्हते. हे काय चालले आहे? गोड बोलून पोटातले काढून घ्यायचे आणि मग आप्पांच्या हाती द्यायचे, असे तर नसेल? तसे म्हणावे तर आवाजात काही डाव वाटत नव्हता. पाचवीतली पोरगी नव्या शाळेबद्दल विचारते तसे अक्काताई विचारत होत्या.

"भ्या न्हाय वाटत? बैल, रेडं असतील."

"आधी वाटायचं. एकदा एका रेड्यानं भिंतीला दाबून धरलं होतं मला."

"आगं बाई. मग?"

"मग काय. उभी राहिले गप. कंटाळून तोच बाजूला झाला."

"हे मला कधी सांगितलं न्हाईस," पुढून सूरज म्हणाला.

"तू कधी विचारलं नाहीस."

आप्पा खाकरले. नवरा-बायकोचे बोलणे घरातल्या थोरांसमोर चालू राहू नये म्हणून खाकरतात तसे.

आजरा ओलांडून गाडी आंबोलीच्या दिशेने चढू लागली तेव्हा रचनाचा फोन वाजला. नागेंद्रच होते. ती ऐकत गेली आणि ताठ होत गेली.

"सूरज, गाडी थांबव."

"आता घाट—"

"घाटात रेंज जाईल. थांबव म्हणतीय न्हवं."

सूरजने एका बंद चहाच्या टपरीशेजारी गाडी घेतली.

"सांगा नागेंद्र. पुढचे पाय दिसतात? दोन्ही? आणि डोकं? हाताला लागत नाही, का दिसत नाही? अहो, नीट सांगा." तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. "मग डोकं मागं वळलंय. ऐका, कोणी ओढायचं नाही. पाय ओढून उपयोग नाही, गाय जाईल. कोण ओढतंय तिथं? मालक? त्यांना बाजूला करा. मालक असू देत नाहीतर मालकाचे आजोबा असू देत, बाजूला करा आधी."

आप्पांनी रेडिओकडे हात नेला. सूरजने न बोलता त्यांचा हात तिथेच धरला.

"साबणाच्या पाण्यात हात खांद्यापर्यंत धुवा. घाला आत. कळ आली की थांबायचं. कळ गेली की वासरू आत ढकलायचं. व्हय, आत. बाहेर नाही. जागा झाल्याशिवाय मान वळणार नाही. निधान, नागेंद्र, निधान. घाई करू नका. लागलं का नाक? नाक नाही तर जबडा शोधा. सापडला? मग तोंडाला तळवा लावा, त्याचे दात गाईला आतनं लागू देऊ नका, आणि आता फिरवा. सावकाश."

फोनमधून माणसांचा गलका येत होता आणि टपावर पाऊस. रचनाची ओढणी कधीच खांद्यावर घसरली होती. गाडीत तीन माणसे आहेत, त्यात चुलत सासरे आहेत, आपण जे शब्द बोलतो आहोत ते घरात चुलीजवळसुद्धा कोणी मोठ्याने बोलत नाही, यातले काहीच तिच्या ध्यानात नव्हते. ती त्या गोठ्यात होती.

"आलं? श्वास घेतंय? नाकातला चिकटा काढा, गवताची काडी घाला नाकात. शिंकलं? शिंकलं का?" आणि मग ती एकदम सैल होऊन मागे टेकली. "बरं झालं. गाईला गुळाचं पाणी द्या. मालकांना सांगा, त्यांचा राग मला उद्या दाखवा म्हणावं."

फोन बंद झाला.

"बाईमाणसानं," आप्पा समोरच्या काचेला उद्देशून म्हणाले, "चारचौघांत असलं बोलायचं म्हंजे. म्हणून म्हणतोय मी, सोडून दे म्हणून. शोभंना ते."

रचनाच्या ओठांवर उत्तर आले होते. तेवढ्यात दोरीवरचा एक चिमटा निघाला. मग दुसरा. मग चादरच अर्धी खाली आली, आणि तिच्या पलीकडून अक्काताई तिच्याकडे बघत होत्या. ती चुकून पडलेली नजर नव्हती. कपाळापासून हनुवटीपर्यंत, सावकाश, पोटभर त्या बघत होत्या. मग त्यांनी उरलेले चिमटे काढून पिशवीत टाकले आणि चादरीची घडी घातली.

"वैनी," आप्पांचा आवाज बारीक झाला होता. "आखाड हाय."

"ठाऊक हाय मला."

"तोंड बघितलासा तुमी तिचं."

"उकडाय लागलंतं," अक्काताई म्हणाल्या. बाहेर आंबोलीचे धुके काचेला येऊन चिकटले होते आणि सूरजने स्वेटर घातला होता.

गाडी घाट उतरू लागली. धबधब्याखाली पोरे भिजत होती, कणसे भाजली जात होती, आप्पांनी मान वळवली नाही. रचना सासूकडे चोरून बघत होती. आजवर रिवाजाचा एक कानामात्राही न मोडलेली बाई. हिला झाले काय? आणि मोडून ही एवढी शांत कशी?

वेंगुर्ल्यात समुद्राच्या वाटेवर एक खाणावळ उघडी होती. आप्पांनी बसल्या बसल्या सुरमई मागितली. मालकाने हात हलवले. "आता मासेमारीक बंदी आसा हो. होडये सगळे वरती ओढून ठेवलेले. सुको बांगडो आसा, नायतर कोंबडी."

सुरमईसाठी आखाडात घाट उतरून आलेल्या माणसाला कोंबडी खावी लागावी, यापेक्षा मोठे दुःख त्या घटकेला आप्पांना नव्हते. अक्काताईंनी नेमकी तीच घटका धरली.

"भावजी, आता आमाला काय सांगतासा?"

"काय सांगायचं?"

"मी सुनेचं तोंड बघितलं. भर आखाडात. मारुतीरावाच्या घराला तुमी निवाडा केलासा, येगळं घर, येगळी चूल. मग आमाला?"

आप्पांचा घास हातातच राहिला. सूरजने आईकडे बघितले, मग आप्पांकडे, आणि हळूहळू त्याच्या तोंडावर हसू पसरू लागले. रचनाला मात्र कळायला एक क्षण जास्त लागला. कळले तेव्हा तिला पाणी प्यावे लागले.

"हितं कोण बघितलंय?" आप्पा म्हणाले. "गावाला कुठं कळतंय? सोडा वैनी. घरातली गोष्ट घरात."

"मी सांगणार की."

"तुमी?"

"मारुतीरावाच्या बायकोला परतून गेल्यागेल्या सांगणार. ती बिचारी वरीसभर येगळी ऱ्हाती. तिला एक न्याय आणि आमाला एक, असं कसं चालंल? गावात तुमचा शब्द हाय, भावजी. त्यो मोडलेला मला आवडायचा न्हाय."

आप्पांनी बराच वेळ वाटीतल्या रश्श्याकडे बघितले. माणूस हट्टी होता, पण आपल्या शब्दाला जागणारा होता, एवढे त्याचे श्रेय त्याला द्यायलाच हवे. "मग वरीसभर एका उंबऱ्याच्या आत न्हाय," ते म्हणाले. "सुनेनं निपाणीतच ऱ्हायाचं. पुढच्या आखाडापतोर. पुढचं पुढं." आणि त्यांनी कोंबडीचा तुकडा असा तोडला की जणू तिनेच हे सगळे घडवून आणले होते.

"मग मीबी निपाणीत ऱ्हातो," सूरज म्हणाला. सगळ्यांनी त्याच्याकडे बघितले. तो स्वतःही जरा दचकलेला दिसला. "बेळगावात उद्यमबागेत माझं काम, हायवेनं काय लांब न्हाय. माणसं लांबनं लांबनं येत्यात कामाला. जातो की मी रोज."

रचनाला त्या माणसाचा त्या दिवशी प्रथमच खरा अभिमान वाटला. पण तिची नजर होती सासूवर. अक्काताईंचा वडा मोडणारा हात थांबला होता. सुनेला जाऊ द्यायचे त्यांनी ठरवले होते. लेकही जाईल, हे त्यांच्या ध्यानात आलेच नव्हते.

"व्हय," त्या म्हणाल्या. "तेच बरं." आणि वडा खाऊ लागल्या.

जेवण झाल्यावर आप्पा बाकावर कलंडले आणि सूरज गाडीची काच पुसत बसला. दोघी समुद्राकडे गेल्या. किनाऱ्यावर लाल बावटा लावला होता. होड्या माडांच्या बुंध्यांपर्यंत ओढून झावळ्यांनी झाकल्या होत्या. समुद्र गढूळ, तांबूस, नांगरलेल्या शिवारासारखा उठलेला. अक्काताई त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांनी समुद्र पहिल्यांदाच बघितला होता.

"आत्या, एक विचारू?" रचना म्हणाली. "तुम्ही हे घरूनच ठरवून आला होता?"

"न्हाय गं. मी आलतो तुला बघायला. तोंड न्हाय, तुला. घरात तीन म्हैने तू व्हय म्हणालीस आणि न्हाय म्हणालीस. मला वाटायचं, पोरगीला एवढंच बोलाय येतंय. म्हटलं, गाडीत कुठं पळून जाईल? इचारून बघू."

"मग?"

"मग फोनवर बोलाय लागलीस." अक्काताईंनी पदर डोक्यावर ओढला, वारा फार होता. "असा आवाज माझ्या घरात तुझा कधी आलाच न्हाय. त्यो आमीच येऊ दिला न्हाई, असंबी आसंल. मला तू घरात पायजे होतीस, रचना. घरात बोलाय माणूस न्हाय. लई वाट बघितली मी सुनेची. पण ती तसली, व्हय-न्हाय म्हणणारी, घेऊन मी काय करू?"

रचनाचे डोळे भरून आले. तिला सासूचा हात धरावासा वाटला आणि तिने तो धरला. आता लपवण्यासारखे काही राहिले नव्हते.

"पण आता वर्षभर तुम्ही माझ्याकडे यायचं नाही, मी तुमच्याकडे यायचं नाही," ती म्हणाली. "आप्पा पाळायला लावतील. मग आपण भेटायचं कुठं?"

अक्काताईंनी थोडा विचार केला. लाट आली, दोघींच्या पायांखालची वाळू ओढून गेली, आणि त्या एक पाऊल मागे सरल्या.

"गोठ्याला उंबरा नसतोय," त्या म्हणाल्या. "जनावराला ठेच लागंल म्हणून कोण घालतच न्हाय. तू ज्या गोठ्यात जाशील, तिथं येतो मी. फोन कर. बस धरतो."